बौदेवेइन द ग्रोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बौदेवेइन द ग्रोट कोण आहेत? त्यांना ‘स्वतःची गाणी लिहून गाणारा गायक’ म्हणणे बरोबर आहे का?

बौदेवेइन द ग्रोट हे डच भाषेत गाणारे गायक, गिटारवादक आणि संगीतकार आहेत. त्यांची गाणी १९६० च्या दशकाच्या मध्यापासून नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या डचभाषक भागात ऐकली जात आहेत. परिचयपर लेखनात ‘स्वतःची गाणी लिहून गाणारा’ अशी त्यांची ओळख सर्रास करून दिली जाते, पण ती अर्धीच खरी आहे. चाली बहुतेक त्यांच्या असल्या, तरी ज्या गाण्यांनी त्यांचे नाव झाले त्यांपैकी बहुतेकांचे शब्द लेनार्ट नेइख या त्यांच्या मित्राचे आहेत. एकाचे शब्द दुसऱ्याच्या गळ्यात इतके चपखल बसले की ऐकणाऱ्यांनी दोघांना मिळून एकच माणूस मानले. पुढील बऱ्याच उत्तरांत नेइख यांचे नाव पुन्हा पुन्हा येईल, ते याच कारणासाठी.

नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

डच भाषेतील ‘ग’ आपल्या ‘ग’सारखा नाही. तो घशातून, ‘ख़बर’ या शब्दातील उर्दू ‘ख़’च्या जवळपास, खरखरीत निघतो, त्यामुळे नेदरलँड्समधील हार्लेम शहराचा माणूस हे आडनाव ‘ख्रोट’ असेच उच्चारील. अर्थ ‘मोठा’ किंवा ‘थोर’, पण आडनाव म्हणून ते तिकडे अगदी सर्वसाधारण आहे. येथे ‘ग्रोट’ हे वाचायला सोपे रूप ठेवले आहे, तर नेइख यांच्या आडनावात मात्र उच्चाराला मान दिला आहे. ही विसंगती मान्य आहे.

त्यांचा जन्म इंडोनेशियात कसा झाला?

आजचे जकार्ता तेव्हा बटाव्हिया होते आणि इंडोनेशिया ही डचांची वसाहत होती. १९४२ मध्ये जपानने ती जिंकली आणि तेथील डच कुटुंबांना नजरकैदेच्या छावण्यांत डांबले. अशाच एका छावणीत २० मे १९४४ रोजी द ग्रोट यांचा जन्म झाला. जपानने शरणागती पत्करण्याच्या काहीच महिने आधी, १९४५ मध्ये, त्यांची आई छावणीतच वारली, तेव्हा मूल जेमतेम वर्षाचे होते. पुढच्या वर्षी कुटुंब नेदरलँड्सला आले, पण वडील पुन्हा पूर्वेकडे परतले आणि लहानगा बौदेवेइन हार्लेम येथे मावशीच्या घरी वाढला. वडील दुसरे लग्न करून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मायदेशी आले, तेव्हा हार्लेमला लागूनच असलेल्या हेमस्टेड या गावी पुन्हा एकत्र घर मांडले गेले.

ही हकीकत कळली की त्यांच्या प्रत्येक उदास गाण्यामागे छावणी शोधण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. उदास गाण्यांतील बरीचशी वाक्ये, वर म्हटल्याप्रमाणे, दुसऱ्याच माणसाने लिहिलेली आहेत आणि त्या माणसाचे बालपण छावणीत गेलेले नव्हते.

लेनार्ट नेइख कोण होते?

नेइख यांचा जन्म जानेवारी १९४५ मधला, म्हणजे ते द ग्रोट यांच्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान. हेमस्टेडमध्ये दोघांची ओळख झाली आणि पुढे दोघेही अॅमस्टरडॅमच्या चित्रपट अकादमीत दाखल झाले. नेइख यांनी विद्यार्थिदशेत केलेल्या एका छोट्या चित्रपटात द ग्रोट गिटार घेऊन गायले. तो पाहणाऱ्या एका वृत्तनिवेदकाला हा मुलगा ध्वनिमुद्रिका काढण्याच्या लायकीचा वाटला आणि त्यानेच पुढची दारे उघडून दिली. चित्रपट बाजूला पडला. १९६४ मध्ये पहिल्या छोट्या मुद्रिका निघाल्या, ज्यांकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

नेइख हे डच गीतलेखनातील मोठे नाव आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते ते गायकाच्या नावाइतकेच ठळक छापले जायला हवे होते. त्यांची डच भाषा बोलण्यातली आहे, यमके घट्ट आहेत, आणि विषय कितीही गंभीर असला तरी कोठेतरी चावट हसू दडलेले असते. जुन्या चित्रांतील, बाहुलीनाट्यांतील, मुलांच्या पुस्तकांतील पात्रे ते बेधडक उचलून आणत. हार्लेमच्या दैनिकात त्यांनी स्तंभलेखनही केले. २८ नोव्हेंबर २००२ रोजी हार्लेम येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गाण्याला ‘शांसाँ’ का म्हणतात? ते तर डचमध्ये गातात.

‘शांसाँ’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘गाणे’ एवढाच, पण व्यवहारात त्याने शब्दांना अग्रमान असलेले, गोष्ट सांगणारे, बसून ऐकण्याचे गाणे सूचित होते. युद्धोत्तर काळात पॅरिसचा प्रभाव नेदरलँड्सवर मोठा होता. बेल्जियमचे जाक ब्रेल फ्रेंचबरोबर डचमध्येही गात, आणि त्यांच्या गाण्यांची डच रूपांतरे करणारे अर्न्स्ट फान आल्तेना हे मध्ययुगीन फ्रेंच कवी व्हियाँ यांचेही अनुवादक होते. विम सोनेफेल्ड यांचे डच जनतेच्या अत्यंत आवडीचे ‘गाव’ हे गाणेही मुळात जाँ फेरा या फ्रेंच गायकाच्या चालीवर बेतलेले आहे.

डच भाषेत अशा गाण्याला ‘ऐकण्याचे गाणे’ या अर्थाचा सरळ शब्दच आहे, आणि ज्या मोठ्या घरात ते राहते त्याला ‘क्लेइनकुन्स्ट’, म्हणजे ‘छोटी कला’, म्हणतात : छोटे नाट्यगृह, एक-दोन वाद्ये, गाणी आणि मधूनमधून बोलणे. याच्या पलीकडच्या टोकाला ‘लेवन्सलीड’ आहे, म्हणजे गुत्त्यात अॅकॉर्डियनवर गायले जाणारे, डोळ्यांत पाणी आणणारे, आई-विरह-दारूचे गाणे. द ग्रोट या दुसऱ्या प्रकारात कधीच मोडले नाहीत. मराठी वाचकाला भावगीताची आठवण होईल आणि शब्दांच्या अग्रमानापुरती ती योग्यही आहे, मात्र भावगीतात सहसा न येणारा उपहास आणि राजकारण येथे भरपूर आहे.

लोकगीताचा धागा अमेरिकेहून आला. सुरुवातीच्या काळात नेइख यांनी बॉब डिलन यांचे काळ बदलत असल्याचे सांगणारे गाणे आणि बफी सेंट-मरी यांचे जगातल्या सगळ्या सैनिकांना एकच चेहरा देणारे गाणे डचमध्ये आणले आणि द ग्रोट यांनी ती गायली. मायदेशात मात्र त्यांच्यापुढे याप फिशर यांचा आदर्श होता. १९६० च्या दशकाच्या आरंभी एकट्या गिटारवर तिरकस गाणी म्हणणारा हा विद्यार्थी नसता, तर डचमध्ये असे काही गाता येते हे त्या पिढीला कळायला आणखी काही वर्षे लागली असती.

पहिले यशस्वी गाणे कोणते?

१९६५ मधले ‘सोळा वर्षांची मुलगी’. मूळ गाणे शार्ल आझनावूर यांचे आहे : सुखवस्तू घरातील मुलगी प्रेमापायी घर सोडते आणि शेवटी रस्त्याच्या कडेला मृतावस्थेत सापडते. नेइख यांनी डच शब्द लिहिले. त्याच वर्षीच्या जानेवारीत समुद्रातील जहाजावरून प्रसारण करणाऱ्या रेडिओ व्हेरोनिकाने ‘टॉप ४०’ ही साप्ताहिक यादी सुरू केली होती. अशा यादीत, इंग्रजी गाण्यांच्या गर्दीत, एक संथ डच गाणे शिरावे ही त्या वेळी नवलाचीच गोष्ट होती.

‘शुभ रात्री, राष्ट्राध्यक्ष महोदय’ या गाण्यावरून इतकी चर्चा का झाली?

हे १९६६ मधले गाणे व्हिएतनाम युद्धाविषयी आहे आणि त्यातील राष्ट्राध्यक्ष म्हणजे लिंडन जॉन्सन. गाण्याचा घाट अंगाईचा आहे. गायक अतिशय अदबीने राष्ट्राध्यक्षांना सांगतो की आपण आपल्या सुंदर पांढऱ्या घरात निवांत झोपा, दूरच्या किनाऱ्यांवर एकाकी बसलेल्या आपल्या पोरांचा फार विचार करू नका, परवाच्या बॉम्बफेकीत चुकून मेलेल्या सेहेचाळीस जणांचाही करू नका, आणि चांगले ख्रिस्ती म्हणून आपणांस ठाऊक असलेल्या दहा आज्ञांपैकी एक तेवढी विसरून जा. आवाज कोठेही चढत नाही. संताप ऐकणाऱ्याच्या मनात उठावा म्हणून गाणारा स्वतः शांत राहतो.

त्या काळी नेदरलँड्समध्ये मित्रराष्ट्राच्या प्रमुखाचा अपमान करणे हा दंडनीय गुन्हा होता. मोर्चात ‘जॉन्सन खुनी’ असे ओरडणाऱ्यांना पोलीस पकडत, म्हणून मोर्चेकऱ्यांनी डचमधल्या ‘खुनी’शी नाद जुळणारा ‘पिठाची चक्की चालवणारा’ या अर्थाचा शब्द घातला आणि ‘जॉन्सन चक्कीवाला’ अशा घोषणा दिल्या. अॅमस्टरडॅममध्ये प्रस्थापितांना डिवचणाऱ्या प्रोव्हो चळवळीच्या तरुणांनी त्याच वर्षी मार्चमध्ये राजकन्या बेआट्रिक्स यांच्या विवाहाच्या मिरवणुकीत धुराचे बॉम्ब फोडले होते. अशा हवेत हे सभ्य, चहाच्या टेबलावर म्हणता येईल असे गाणे आले आणि जे लोक मोर्चाला कधीच गेले नसते त्यांच्या घरात शिरले. गायकाला मात्र ‘निषेधगायक’ असा शिक्का बसला, जो त्यांच्या एकंदर कामाला मुळीच लागू पडत नाही.

‘मास आणि वाल यांचा प्रदेश’ हे गाणे त्या प्रदेशाचे वर्णन आहे का?

नाही. मास आणि वाल या नद्यांच्या मधला सखल पट्टा नेदरलँड्सच्या गेल्डरलँड प्रांतात खरोखर आहे, पण गाण्यात आहे ती हिरव्या आकाशाखालून, निळ्या सूर्याच्या उजेडात निघालेली एक चमत्कारिक वरात. नेइख यांना नावाचा नाद हवा होता, भूगोल नव्हे. बर्ट पेज या बेल्जियन संगीत संयोजकाने त्याला पितळी वाद्यांचा थाट दिला आणि १९६७ च्या सुरुवातीला गाणे ‘टॉप ४०’मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. शाळेच्या सहलीत, लग्नात, कार्निव्हलात ते आजही चालते. प्रस्तुत लेखकाला ते चौथ्यांदा ऐकताना थोडे कंटाळवाणे वाटते, हे प्रामाणिकपणे नोंदवून पुढे जावे.

एकच गाणे बारकाईने ऐकायचे असेल तर कोणते?

‘तेस्तामेंट’, म्हणजे ‘मृत्युपत्र’. ते १९६६ च्या ‘जे वाचले त्यांच्यासाठी’ या ध्वनिमुद्रिकेत आहे. बावीस वर्षे जगलेला तरुण आपल्या तारुण्याचे मृत्युपत्र करतो. मृत्युपत्राच्या रूपात कविता लिहिण्याची रीत पंधराव्या शतकातल्या व्हियाँची, आणि नेइख यांनी ती मध्यमवर्गीय डच घरात आणून बसवली. देण्यासारखा पैसाअडका नाही, असे आधीच सांगून टाकले जाते. काही सुंदर आदर्श मात्र शिल्लक आहेत. कपड्यांप्रमाणे त्यांचीही शिलाई चांगली आहे, फक्त आता त्यांची फॅशन राहिलेली नाही. ज्याला हवे असतील त्याने येऊन घेऊन जावे. पुढे शिकू इच्छिणाऱ्या धाकट्या भावाला तो आपल्या नेहमीच्या कॅफेचा पत्ता ठेवतो. मित्रांना देतो मुलीच्या हसण्यावर भाळण्याची ताकद, कारण स्वतः तो एकदा जरा जास्तच फसला आहे.

आणि मग येते आईवडिलांचे कडवे. त्यांना मिळतो छायाचित्रांचा अल्बम, ज्यातली चित्रे सुखी बालपणाची खोटी साक्ष देतात. एवढा वेळ हसत ऐकणारा येथे थबकतो. चाल तीच, आवाजही तोच, गाणारा या ओळीवर एक क्षणही जास्त रेंगाळत नाही. ब्रेल असते तर येथे घाम गाळला असता. द ग्रोट ही ओळ यादीतील पुढची वस्तू म्हणून वाचतात आणि त्यामुळेच ती लागते. शेवटी दोन-चार गोष्टी तो स्वतःजवळ राखतो, कारण दुसऱ्या कोणाला त्यांचा उपयोग नाही : बालपणाच्या चांगल्या आठवणी, ज्या जिवंत असेपर्यंत बरोबर न्यायच्याच असतात.

त्याच मुद्रिकेतील ‘बुडालेले फुलपाखरू’ हेही याच्या जोडीने ऐकावे.

यशानंतर ते गाण्यापासून दूर का गेले?

१९६८ मध्ये ‘पिकनिक’ ही मुद्रिका आली. बीटल्सनी आदल्याच वर्षी ध्वनिमुद्रण कक्षात जी रंगीबेरंगी जादू केली होती तिचा हा डच पडसाद. तिच्यातील ‘प्रिकेबेन’ हे एली नीमान यांच्याबरोबरचे गाणे फुलपाखरांमागे धावणाऱ्या एका एकोणिसाव्या शतकातील चित्रकथेच्या नायकावर आहे. मूळ चित्रे जिनीव्हाच्या टोपफर यांची, आणि डच मुलांना हा नायक पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा.

त्यानंतर मात्र द ग्रोट यांना लोकप्रिय गायकाचा तो साचा नकोसा झाला. नेइख यांच्याशिवाय त्यांनी ‘नाख्त एन ओन्तेइ’ ही काळोखी, लांबलचक मुद्रिका केली, जिची जवळजवळ एक संपूर्ण बाजू चेटकिणींच्या मेळाव्यावरील एकाच रचनेने व्यापली आहे. बाजारात तिचे काही चालले नाही. काही काळ ते द्रेंथ प्रांतातील द्विंगेलो या खेड्यात, शेतावरच्या घरात सहजीवन करणाऱ्या मंडळींत राहिले. या मुद्रिकेचे चाहते थोडे असले तरी फार निष्ठावान आहेत. तिला अपयश म्हणून मोडीत काढणे योग्य होणार नाही.

‘एकटा सायकलस्वार’ हा शब्दप्रयोग डच लोक वारंवार करतात. त्याचा या गायकाशी काय संबंध?

१९७३ मध्ये द ग्रोट पुन्हा नेहमीच्या वाटेवर आले. त्या मुद्रिकेचे नाव ‘किती बळकट तो एकटा सायकलस्वार’, आणि ही ओळ तिच्यातील ‘जिमी’ या गाण्याची सुरुवात आहे. नेदरलँड्समध्ये फारसे चढ नाहीत, पण वारा आहे, आणि मोकळ्या बांधावर समोरून येणारा वारा चढापेक्षा वाईट. हँडलवर वाकून, वाऱ्याला कापत पुढे जाणारा सायकलस्वार हे दृश्य तेथे प्रत्येकाने पाहिलेले आणि बहुतेकांनी भोगलेले असते. अॅमस्टलवेनसारख्या गावात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनाही ते समजावून सांगावे लागणार नाही. आज एकट्याने नेटाने लढणाऱ्या कोणाचेही वर्णन करताना वर्तमानपत्रे ही ओळ वापरतात.

गंमत अशी की मूळ गाणे त्या सायकलस्वाराचा गौरव करतच नाही. सायकलस्वारानंतर विजयाने फुगलेला फुटबॉलपटू येतो, प्रतिस्पर्ध्याला चीत करणारा निर्दय व्यापारी येतो, आणि या सगळ्या पराक्रमी मंडळींच्या समोर बाप आपल्या छोट्या मुलाला मांडीवर घेऊन समाधानाने बसलेला असतो. असल्या वाईट हवेत, जोराच्या वाऱ्यात, पोराला घेऊन सायकल चालवायचे काही कारणच नाही, असे त्याचे म्हणणे. ओळ म्हण झाली आणि तिचा उलटा अर्थ मागे राहून गेला. जिमी हे द ग्रोट यांच्या मुलाचे नाव आहे. मार्सेल हा त्यांचा दुसरा मुलगाही संगीतातच आहे.

द ग्रोट आणि नेइख यांनी इतरांसाठीही गाणी केली का?

केली, आणि त्यांतली काही त्यांच्या स्वतःच्या गाण्यांइतकीच टिकली. रामसेस शाफी आणि लिस्बेट लिस्ट यांनी १९६९ मध्ये गायलेले ‘पास्तोराल’ हे सूर्य आणि त्याच्यावर भाळलेली मुलगी यांच्यातील संवादगीत या दोघांचेच. रॉब द नेइस या गायकाची कारकीर्द १९७० च्या दशकात पुन्हा उभी राहिली ती ‘यान क्लासन तुतारीवाला’ आणि ‘माले बाबे’ यांसारख्या गाण्यांमुळे, आणि तीही याच जोडीची. माले बाबे ही हार्लेमच्या फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातील चित्रकाराने रंगवलेली, हातात दारूचे भांडे आणि खांद्यावर घुबड असलेली बाई. चित्र बर्लिनला आहे, पण हार्लेमच्या बाजारपेठेत तिचा पुतळा उभा आहे.

मध्यंतरी बरीच वर्षे त्यांचे नाव ऐकू येत नव्हते. मग ‘संध्याकाळ’ हे गाणे अचानक पहिल्या क्रमांकावर कसे आले?

१९८४ च्या ‘भोवरा’ या मुद्रिकेनंतर त्यांनी गायक म्हणून जवळजवळ विश्रांती घेतली, रंगभूमीवर कामे केली आणि इंग्रजी पुस्तकांचे डच अनुवाद केले, ज्यांत स्टीफन किंग यांच्या भयकादंबऱ्याही आहेत. १९९६ मध्ये ‘नवा शरद’ ही मुद्रिका घेऊन ते परतले. ‘आवोंद’, म्हणजे ‘संध्याकाळ’, हे तिच्यातले : बरीच वर्षे बरोबर राहिलेल्या माणसाला दिवस मावळताना उद्देशून म्हटलेले, कशाचीच खात्री नसली आणि सगळे सरत असले तरी तुझ्यामाझ्यावर विश्वास आहे असे सांगणारे शांत प्रेमगीत.

नेदरलँड्समध्ये १९९९ पासून दर वर्षी नाताळ ते वर्षअखेर या दिवसांत सार्वजनिक रेडिओवर श्रोत्यांनी निवडलेली दोन हजार गाणी क्रमाने वाजवली जातात आणि शेवटचे, पहिल्या क्रमांकाचे गाणे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री संपते. स्वयंपाकघरात तेलात तळणीचे गोळे फुगत असताना, खिडकीबाहेर फटाके सुरू झालेले असताना, हा कार्यक्रम घरोघर चालू असतो. पहिला क्रमांक जणू क्वीन या ब्रिटिश चमूच्या एकाच गाण्याला कायमचा आंदण दिलेला होता. २००५ मध्ये तेथे ‘आवोंद’ आले. साठी ओलांडलेल्या गायकाचे, आपल्याच भाषेतले, आवाज न चढवणारे गाणे. हा मान मिळवणारे ते पहिले डच गाणे होते.

त्यानंतर त्यांनी काय केले?

२००४, २००७ आणि २०१५ मध्ये नव्या मुद्रिका आल्या. २०१६ च्या सुमारास त्यांनी जॉर्ज कोयमान्स आणि हेनी फ्रींटन या दोन रॉक संगीतकारांबरोबर ‘विचित्र पाहुणे’ अशा अर्थाच्या नावाचा चमू केला. २०२२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ‘विंटफेरन’ ही मुद्रिका निघाली.

डच येत नसेल तर ही गाणी ऐकून काय हाती लागेल?

निम्मे लागेल, आणि ते निम्मेही थोडके नाही. द ग्रोट यांचे उच्चार इतके स्वच्छ आहेत की डच शिकू लागलेल्या माणसाला सहा महिन्यांतच शब्द सुटे ऐकू येऊ लागतात. गाण्याचे शब्द समोर ठेवून प्रथम ‘आवोंद’ ऐकावे, कारण त्यातील वाक्ये छोटी आणि रोजच्या बोलण्यातली आहेत. मग ‘जिमी’, मग राष्ट्राध्यक्षांची अंगाई. ‘तेस्तामेंट’ सर्वांत शेवटी ठेवावे. त्यातील विनोद शब्दकोशातून कळत नाही, आणि अल्बमच्या कडव्याशी पोहोचेपर्यंत कोश बंद केलेला असावा.